रिक्षा ओढणाऱ्याला कुणी विचारलं?

माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडीतून उतरलात की पुढे जायला मोजकेच पर्याय असतात. पायी चला, घोड्यावर बसा, अमन लॉज स्टेशनवरून मिनी ट्रेनची शटल पकडा, नाहीतर रिक्षा करा. यातली हातरिक्षा आपल्या बदलापूर-अंबरनाथ स्टेशनबाहेर उभी असते तशी नाही. तिला इंजिन नाही, पॅडलही नाही. पुढे एक माणूस दांडी धरून ओढतो, मागून दोघं ढकलतात. चढ आला की तिघांचाही श्वास ऐकू येतो. आत आपण बसलेले, मांडीवर बॅग, हातात मोबाइल.

६ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हे थांबवा. मुदत दिली सहा महिन्यांची. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. के. विनोद चंद्रन आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांचं हे खंडपीठ. देश स्वतंत्र होऊन ७८ वर्षं झाली, राज्यघटनेला ७५ वर्षं झाली आणि तरी एक माणूस दुसऱ्याला ओढत नेतो, हे घटनेने दिलेल्या सामाजिक आणि आर्थिक न्यायाच्या वचनात बसत नाही, असा त्या निकालाचा सूर आहे. बातमी तुम्ही वाचली असेल. दोन दिवस रील्सही फिरल्या. ‘फायनली!’ असं कॅप्शन टाकून आपण सगळे पुढच्या विषयाकडे वळलो.

पण ‘फायनली’ म्हणायच्या आधी काय काय झालं आणि आता पुढे काय व्हायचंय, ते समजून घ्यायला हवं. कारण पर्यटनात माणसाच्या हक्कांचं काय होतं, हे बघायला आपल्याला लांब जायची गरज नाही. आमच्या जांभूळहून बदलापूर स्टेशन गाठायचं, कर्जत लोकल पकडायची. वांगणी, शेलू, नेरळ. तिसऱ्या स्टेशनला उतरून शेअर टॅक्सीने घाट चढला की झालं. आपल्याकडच्या बहुतेक ग्रुप्सची पहिली ‘आईबाबांशिवायची ट्रिप’ हीच असते.

आता जरा इतिहास, थोडक्यात. १८५० मध्ये ठाण्याचा तेव्हाचा कलेक्टर ह्यू मॅलेट इथे चढून आला आणि ब्रिटिशांना हे ठिकाण माहीत झालं. (डोंगराच्या वाड्यांवर राहणाऱ्या कातकरी-ठाकरांना ते आधीपासून माहीत होतंच, पण ‘शोध’ साहेबाच्या नावावर लागला.) १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने नेरळ-माथेरान छोटी रेल्वे आणली. माथेरानमध्ये मोटार आणायची नाही, हा नियम मात्र टिकला. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची गाडी हे अपवाद. ४ फेब्रुवारी २००३ ला केंद्राने माथेरान आणि परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून अधिसूचित केला. तिथे काय चालेल, काय नाही, यावर लक्ष ठेवायला सनियंत्रण समिती आली.

हे सगळं चांगलंच आहे. माथेरानची हवा, झाडं, लाल माती वाचली ती त्यामुळेच. पण यात एक गोष्ट झाली, जी आपल्यासारख्या पर्यटकांच्या कधी लक्षात येत नाही. गाडी नको म्हटल्यावर सामान कोण नेणार? म्हाताऱ्या आजीला हॉटेलपर्यंत कोण पोचवणार? सिलिंडर, भाजी, पाण्याच्या बाटल्या, हनिमूनची सुटकेस, हे सगळं माणसाच्या डोक्यावरून, घोड्याच्या पाठीवरून नाहीतर हातरिक्षेतून जायला लागलं. प्रदूषण नको म्हणून इंजिन काढलं आणि इंजिनाच्या जागी माणूस लावला. ‘आशियातलं एकमेव वाहनमुक्त हिल स्टेशन’ असं आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा त्या वाक्यात हा माणूस कुठेच नसतो.

हातरिक्षा फक्त पर्यटकांची चैन होती असंही समजू नका. २०११ च्या जनगणनेनुसार माथेरानची लोकसंख्या साडेचार हजारांच्या आत आहे. त्यांच्यातल्या आजारी माणसांना, बाळंतिणींना, गुडघे गेलेल्या आजी-आजोबांना दुसरा उपाय काय होता? दस्तुरीपासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. पावसात तांबडा चिखल होतो, घसरतं, आणि मिनी ट्रेनचंही पावसाळ्यात काही खरं नसतं. २०१६ मध्ये डबे घसरल्यावर ती बंदच ठेवली होती.

मग हातरिक्षा चालवणाऱ्यांच्याच संघटनेने मागणी केली. आम्हाला ई-रिक्षा चालवू द्या. आवाज नाही, धूर नाही आणि आमची छाती फुटणार नाही. साधी मागणी वाटते ना? पण संवेदनशील क्षेत्राच्या नियमात ई-रिक्षा हेसुद्धा ‘वाहन’च. म्हणजे परवानगी हवी. परवानगी मागता मागता प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. आणि तिथे ते कशात ऐकलं गेलं माहितीये? टी. एन. गोदावर्मन प्रकरणात. हा १९९५ पासून चालू असलेला देशातला सगळ्यात मोठा जंगलाचा खटला. माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न जंगलाच्या फायलीतून पुढे सरकला! मास मीडियाच्या लॉच्या पेपरला हे आलं असतं तर मी ‘प्रिंटिंग मिस्टेक’ समजले असते.

२०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा चालवून बघायला परवानगी दिली आणि त्या डिसेंबरात सात ई-रिक्षा दस्तुरीवरून धावल्या. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी नाममात्र भाडं ठेवलं होतं. एरवी तीच मुलं दप्तर घेऊन किलोमीटरच्या किलोमीटर चालायची. प्रयोग लोकांना आवडला. पण मग ई-रिक्षा नक्की कुणाच्या, हा प्रश्न आला. नवीन धंदा दिसला की भांडवल असणारे आधी पोचतात, हे आपल्याकडे नवीन नाही. २०२४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की या ई-रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांसाठीच आहेत. ज्याचा रोजगार जाणार, त्यालाच नवा रोजगार. संख्या वीसपर्यंत ठेवायची.

आता कॅल्क्युलेटर काढा. माथेरानमध्ये हातरिक्षांचे परवाने ९४. एका रिक्षेला तीन माणसं धरली तर होतात २८२. आणि ई-रिक्षा वीस, प्रत्येकीला चालक एक. परवाना ज्याच्या नावावर तो एक माणूस, पण मागून ढकलणाऱ्या दोघांच्या नावावर काय आहे? कुठल्याच कागदावर ते नाहीत. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे, आणि तो कोर्टात सुटणारा नाही. गावातच बसून सोडवावा लागेल. ‘स्टेकहोल्डर एंगेजमेंट’ हा शब्द आम्हाला कॉलेजात शिकवला तेव्हा फार कॉर्पोरेट वाटला होता. पण त्याचा अर्थ इतकाच आहे की निर्णयाचा फटका ज्याला बसणार, त्याला आधी बोलवा, ऐका आणि मग ठरवा. बोलवायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, यादीत नाव कुणाकुणाचं?

ऑगस्टच्या निकालात याचं थोडं उत्तर आहे. ई-रिक्षा सरकारने घ्यायच्या आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांना भाड्याने द्यायच्या, असं न्यायालयाने सुचवलं. उदाहरण दिलं गुजरातमधल्या केवडियाचं. सरदार पटेलांच्या पुतळ्यापाशी स्थानिक आदिवासी महिला ई-रिक्षा चालवतात. खरे ओढणारे कोण, हे ठरवायचं काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे दिलं. त्यांना देऊन उरलेल्या ई-रिक्षा आसपासच्या गावांतल्या आदिवासी महिलांना आणि इतर गरजूंना देता येतील, असंही म्हटलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, हे आधीच बजावलं.

हे शेवटचं का म्हणावं लागलं असेल? कारण नुसती बंदी घालणं सोपं असतं. कोलकात्याचं बघा. २००६ मध्ये पश्चिम बंगालने कायद्यात दुरुस्ती करून हातरिक्षा बंद करायचं ठरवलं. रिक्षावाल्यांनी पुढे काय करायचं, याचं नीट उत्तर नव्हतं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि त्यानंतर कित्येक वर्षं कोलकात्याच्या गल्ल्यांमध्ये टाणा रिक्षा दिसतच राहिल्या. ज्याचं पोट त्यावर आहे त्याला विचारलं नाही की असं होतं. माणुसकीच्या नावाखाली काढलेला हुकूमही त्याला पोटावर आलेला पाय वाटतो.

उलट उदाहरण १९८० चं आहे, आणि माथेरानच्या निकालात त्याचा उल्लेखही आहे. पंजाबने सायकल रिक्षांसाठी कायदा केला. रिक्षा मालकानेच चालवायची, भाड्याने द्यायची नाही. हेतू चांगला, चालकाची पिळवणूक थांबावी. पण ज्याच्याकडे रिक्षा घ्यायला पैसे नाहीत तो उपाशी मरायची वेळ आली. आझाद रिक्षा पुलर्स युनियन न्यायालयात गेली. न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी कायदा रद्द करण्याऐवजी चालकांना कर्ज मिळून रिक्षा त्यांच्या मालकीच्या होतील अशी व्यवस्था लावून दिली. त्याला ४५ वर्षं झाली. आपल्यापैकी कुणाचा जन्मही नव्हता.

आता माथेरानमधला दुसरा गट. अश्वपाल, म्हणजे आपण ज्यांना घोडेवाले म्हणतो ते. माथेरानात परवाना असलेले घोडे साडेचारशेच्या आसपास आहेत. ई-रिक्षा आली की घोड्यावर कोण बसणार? ही भीती त्यांनी बोलून दाखवली, आंदोलनं केली, न्यायालयातही गेले. रस्त्यावर क्ले पेव्हर ब्लॉक टाकण्यालाही त्यांचा विरोध होता. ब्लॉकवरून घोड्यांचे पाय घसरतात, असं त्यांचं म्हणणं. दुसरीकडे ब्लॉक नसतील तर पावसात ई-रिक्षा चढ चढत नाही आणि माती वाहून जाते. शेवटी न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याला ब्लॉक टाकायची मुभा दिली. आतले रस्ते आणि ट्रेकच्या वाटा मात्र तशाच ठेवायच्या, खाली काँक्रीटचा थर द्यायचा नाही.

सोशल मीडियावर अश्वपालांना सरळ व्हिलन केलं गेलं. ‘हेच लोक विकास होऊ देत नाहीत’ टाइप कॉमेंट्स. मला ते पटत नाही. घोड्याला सीझन नसला तरी रोज चारा लागतो, नाल ठोकावी लागते, आजारी पडला तर डॉक्टर लागतो. ज्याने कर्ज काढून घोडा घेतलाय त्याला उद्याची चिंता वाटणारच. हातरिक्षावाल्याचा मानाने जगण्याचा हक्क आणि घोडेवाल्याचा कमाईचा हक्क, दोन्ही खरे आहेत. एकाला ई-रिक्षा मिळाली, दुसऱ्याला काय, हे विचारायला हवंच.

पण त्यांची प्रत्येक गोष्ट बरोबर होती असंही नाही. मार्च २०२५ आठवतोय? माथेरानकरांनी बेमुदत बंद पुकारला होता. हॉटेलं, दुकानं, ई-रिक्षा सगळं थांबलं. कारण दस्तुरी नाक्यावर पर्यटकांची होणारी फसवणूक. ट्रेन बंद आहे, रिक्षा मिळत नाही, हॉटेल लांब आहे असं सांगून लोकांना घोड्यावर बसवायचं आणि वाट्टेल तो दर लावायचा, अशा तक्रारी वाढल्या होत्या. लोक परत यायचे नाहीत, या भीतीने गावानेच शटर खाली ओढलं. मग अधिकारी, पोलीस, व्यापारी, अश्वपाल अशी बैठक झाली आणि बंद मागे घेतला गेला. जे एरवी एकमेकांबद्दल पत्रकार परिषदेत बोलतात ते एका खोलीत बसले. त्यासाठी आधी गाव बंद करावं लागलं, एवढंच.

आणि त्या खोलीत हमाल होते का, हा माझा प्रश्न आहे. डोंगराखालच्या वाड्यांमधून पायवाटेने वर येणाऱ्या बाया, डोक्यावर दोन-दोन बॅगा घेऊन हॉटेलपर्यंत चालणाऱ्या. हातरिक्षेसारखा त्यांचा फोटो व्हायरल होत नाही. ओझं किती असावं, दर काय, पाय मुरगळला तर उपचार कुणी करायचा? दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात माचू पिचूच्या इंका ट्रेलवर हमालांचे असेच हाल होते. तिथे २००१ मध्ये खास हमालांसाठी कायदा झाला. एका माणसाच्या पाठीवर जास्तीत जास्त २० किलो. आपल्या विमानाच्या चेक-इन बॅगेला १५ किलोची मर्यादा असते आणि आपण काट्यावर ठेवून ठेवून त्यातले शूज काढतो. डोक्यावरच्या बॅगेचं वजन मात्र कुणी करत नाही.

कागदावर आपल्याकडे नियमांची कमी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने १९९९ मध्येच पर्यटनासाठी जागतिक नीतिसंहिता स्वीकारली. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांची ‘व्यवसाय आणि मानवी हक्क’ यांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांचं सार असं की सरकारने हक्कांचं रक्षण करायचं, कंपनीने ते पायदळी तुडवायचे नाहीत आणि नुकसान झालं तर दाद मागायची सोय हवी. कंपनी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठा ब्रँड येतो. पण वीस खोल्यांचं हॉटेल हाही व्यवसायच आहे. तुमची ट्रिप बुक करणारं इन्स्टा पेजसुद्धा व्यवसायच. ‘१४९९ मध्ये सगळं इन्क्लुडेड’ अशी ट्रेकची जाहिरात बघता ना, त्या १४९९ मधून गावात जेवण रांधणाऱ्या मावशींना काय मिळतं, हे विचारणं त्या तत्त्वांमध्ये थेट बसतं.

आपल्या घराजवळचंच घ्या. पावसाळा आला की बदलापूरच्या कोंडेश्वरला गर्दी होते. दरवर्षी कुणीतरी बुडतं आणि मग मनाईचे आदेश निघतात. जीव वाचवायला ते लागतातच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या वाटेवर भुट्टे, भजी, चहा विकणारी घरं त्याच दोन महिन्यांवर अवलंबून असतात. धबधब्याचं पाणी कधी वाढतं, कुठे पाय घसरतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. त्यांना जीवरक्षक म्हणून प्रशिक्षण देता येईल का, धोक्याच्या जागा सोडून बाकी भाग चालू ठेवता येईल का, हे आदेश काढण्याच्या आधी बसून बोलता येतं. बंदी आली की पर्यटकाचा एक रविवार जातो, त्यांचं वर्षाचं गणित जातं.

तसंच वांगणी, नेरळ, बदलापूरकडच्या फार्महाऊसचं. शनिवारी रात्री आपला स्पीकर दोनपर्यंत चालतो. तोपर्यंत पाणी, बर्फ, ऑम्लेट आणून देणारा मुलगा जागा असतो. तो आपल्याच वयाचा असतो, कधी आपल्याहून लहान. तो किती वाजता कामाला लागला, हे आपण विचारलंय कधी? लहान असेल तर तो तिथे कसा, हा प्रश्न तर त्याही आधीचा. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने २०१० मध्ये सुरक्षित आणि सन्माननीय पर्यटनासाठी आचारसंहिता आणली, ती पर्यटकांइतकीच स्थानिक बायका-मुलांच्या सुरक्षेबद्दलही आहे.

म्हणजे या सगळ्यात आपणही एक स्टेकहोल्डर आहोत. सगळ्यात जास्त पैसे आपण आणतो आणि सगळ्यात कमी प्रश्न आपण विचारतो. तुम्ही माथेरानला जाणार असाल तर थोडं वेगळं वागून बघा. दस्तुरीवर उतरल्यावर पहिल्या भेटलेल्या माणसाच्या मागे जाऊ नका, अमन लॉजच्या खिडकीवर शटलची वेळ स्वतः बघा. घोड्याचा, हमालाचा ठरलेला दर आधी विचारा आणि एकदा ठरला की वर पोचल्यावर पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नका. बॅग हलकी भरा. ई-रिक्षेत बसलात तर चालकाला विचारा, आधी काय करत होता? तो हातरिक्षा ओढत होता की दुसऱ्या कुणाच्या मालकीची गाडी चालवतोय, हे त्याच्या उत्तरात कळेल. फसवणूक झाली तर रील टाकून मोकळे होऊ नका, नगरपरिषदेकडे किंवा पोलिसांकडे लेखी तक्रार द्या. रीलमुळे सगळं माथेरान बदनाम होतं, तक्रारीमुळे फसवणारा सापडतो.

सहा महिन्यांची मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतची होती. तोपर्यंत समितीला यादी करायची होती, सरकारला गाड्या घ्यायच्या होत्या, चालकांना लायसन्स आणि प्रशिक्षण लागणार होतं. ई-रिक्षा चार्ज कुठे होणार, बॅटरी बिघडली तर खर्च कुणाचा, भाड्याचा हप्ता पावसाळ्यातही तेवढाच का, हे प्रश्न बारीक वाटतात, पण ओढणाऱ्याचं घर त्यावरच चालणार आहे. हप्ता जड झाला तर ई-रिक्षा पुन्हा पैसेवाल्याकडे जाईल आणि हा तिथेच पगारावर राबेल. आणि रिक्षा मागून ढकलणाऱ्या त्या दोघांचं नाव यादीत घालायचं असेल, तर यादी पक्की व्हायच्या आधी ती नगरपरिषदेबाहेरच्या फलकावर लावावी लागेल, वाचून हरकत घ्यायला दिवस द्यावे लागतील. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती मोठ्याने वाचून दाखवावी लागेल.